टाकीवरची आठ मिनिटं

५ जानेवारी

आजपासून मला खुर्ची मिळाली. चौदा वर्षं बस चालवली, मग डावा डोळा अधू झाला म्हणून तीन वर्षं डेपोच्या फाटकात स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहिले, आणि आता वेळापत्रक विभागात हात असलेली, फिरणारी खुर्ची. सहा महिने चाचणीवर. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर पुन्हा फाटक. ही डायरी टेबलाच्या खणात सापडली. टायरवाल्यांची भेट. पहिल्या पानावर आधीच्या कारकुनाने एक फोन नंबर लिहिलाय, बाकी कोरी.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे एक नियम केला. आमची ही याच डेपोत ड्रायव्हर आहे, बारा नंबरच्या मार्गावर. एकशे चाळीस ड्रायव्हर, त्यात बायका तीन. आता हिची ड्युटी माझ्या टेबलावरून जाणार. उद्या कोणी म्हणायला नको की नवऱ्याने बायकोला सोपी ड्युटी दिली. म्हणून जेवताना सांगून टाकलं, "डेपोतलं डेपोत. घरी वेळापत्रकाचं नाव काढायचं नाही. तूही नाही, मीही नाही."

ही म्हणाली, "बरं."

मी अर्धा तास समजूत घालायच्या तयारीने बसलो होतो. नववीतली लेक म्हणाली, "मग आता तुम्ही दोघं बोलणार कशावर?" आगाऊ कार्टी.

९ जानेवारी

सतरा वर्षं पगार घेतला, पण तो बनतो कसा हे आत्ता कळतंय. जाडजूड नियमपुस्तक आहे, त्याला आजवर कोणी हात लावला नसावा. पानं एकमेकांना चिकटलेली.

ड्युटी आठ तासांची. सुरुवातीची पंधरा मिनिटं गाडी तपासायला, पगारी. शेवटची दहा मिनिटं गाडी ताब्यात द्यायला, पगारी. मधली अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी बिनपगारी, कारण त्या वेळी ड्रायव्हर 'मोकळा' असतो. सकाळी चार तास, मग दुपारी घरी जा, मग संध्याकाळी परत चार तास, अशा तुटक ड्युटीत मधल्या तासांचा पगार नाही, चिमूटभर भत्ता. मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर गाडी उभी असते ती मिनिटं मात्र पगारी आणि त्यांना पुस्तकात 'विश्रांती' म्हटलंय. हे वाचून मला हसू आलं.

आणि वेळपालन भत्ता. महिन्यात तीनदा शेवटच्या थांब्यावरून दोन मिनिटांहून जास्त उशिरा निघालात, की त्या महिन्याचा अख्खा भत्ता गेला. हा माझा कधीच गेला नाही. हिचाही नाही.

१७ जानेवारी

मोठा दिवस. साहेबांनी (डेपो मॅनेजर, वय माझ्याहून दहा वर्षांनी कमी, स्वभाव वाईट नाही) बारा नंबरच्या मार्गाचं वेळापत्रक नव्याने बसवायला सांगितलं होतं. गाड्या कमी आहेत, मागणी जास्त.

मार्ग सरळ आहे. दवाखाना ते जुनी टाकी. प्रवास बावन्न मिनिटं, टाकीवर विश्रांती आठ मिनिटं, परत बावन्न, दवाखान्यावर आठ. झाले दोन तास. दर दहा मिनिटांनी बस हवी म्हणजे बारा गाड्या.

आता प्रत्येक गाडीत यंत्र बसवलंय, गाडी कधी कुठे होती ते सगळं लिहून ठेवतं. मी तीन महिन्यांच्या नोंदी काढल्या. आणि काय दिसावं! बावन्न मिनिटं कागदावरच आहेत. गाड्या लवकर पोचतात. कोणी कधी तीन मिनिटं, कोणी कधी चार. पण एका ड्युटीवरची गाडी रोज, प्रत्येक फेरीला, सत्तेचाळीस मिनिटांत टाकीवर हजर. ड्रायव्हरचं नाव बघायची गरजच नव्हती. छाती फुगली माझी. हिच्यासारखा हात सगळ्या डेपोत नाही हे मी आधीपासून म्हणतोय, आता यंत्रही म्हणतंय.

जी वेळ रोज जमते ती खरी वेळ. प्रवास सत्तेचाळीस, विश्रांती होती तशीच आठ. एक पूर्ण फेरी एकशे दहा मिनिटांत, गाड्या अकरा. एक बस वाचली!

विश्रांतीला मी हात लावला नाही, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. आठ मिनिटं पुष्कळ होतात. मी चालवायचो तेव्हा दोन मिनिटांत टाकीच्या भिंतीमागे जाऊन मोकळा व्हायचो, उरलेल्या सहा मिनिटांत चहा आणि वर गप्पा. ती भिंत पिढ्यान् पिढ्या ड्रायव्हर लोकांनी शिंपलीय, तिला पालवी कशी फुटली नाही कोण जाणे.

१ फेब्रुवारी

नवा चार्ट फलकावर लागला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "चाचणीचे सहा महिने ही नुसती औपचारिकता समजा," म्हणाले.

गिअरभाऊ फलकापुढे बराच वेळ उभा होता. हाही बारा नंबरवरचा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. चढावर गिअरबॉक्सशी मोठ्याने बोलतो म्हणून हे नाव. म्हणाला, "सत्तेचाळीस? पंख कुठे मिळतील तेवढं सांग."

मी म्हटलं, "भाऊ, मनाचं लिहिलेलं नाही. नोंदी आहेत."

"वहिनींना विचारलंस?"

"घरी आम्ही हा विषय काढत नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तो गरम झालेल्या इंजिनाकडे पाहतो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. लोकांना बदल नको असतो.

१२ फेब्रुवारी

विशेष काही नाही. पहाटे पावणेपाचला उठून हिचा डबा ही भरते, पाण्याची बाटली मी भरतो. लग्न झाल्यापासूनची वाटणी आहे. गेले काही दिवस बाटली भरलेलीच परत येते. पूर्वी तळाशी घोटभर उरायचं. टाकीवर नवीन पाणपोई झाली असेल. पाणी फेकवत नाही म्हणून खिडकीतल्या कुंडीला घालतो. कुंडीने चांगलं बाळसं धरलंय.

ही आली की चपला काढायच्या आधी न्हाणीघरात जाते. पूर्वी आधी चहा लागायचा.

२२ फेब्रुवारी

आज कसोटी लागली, आणि मी तिला उतरलो असं वाटतं.

बारा नंबरवर लेट मार्क वाढलेत. गिअरभाऊला दोन लागले. हिला या महिन्यात तीन. तिन्ही वेळा टाकीवरून सुटायला तीन-चार मिनिटं उशीर. नियमाप्रमाणे लेखी कारण मागवलं. तिन्ही कागदांवर हिच्या अक्षरात एकच शब्द, 'वैयक्तिक'. वैयक्तिक कारणाला सूट नाही. मी भत्ता कापल्याची नोंद केली आणि सही केली. दुसऱ्या कोणाचा कापला असता तर हिचाही कापलाच पाहिजे.

साहेब म्हणाले, "घरी जेवण मिळेल ना?" सगळे हसले. मीही हसलो.

घरी जेवण मिळालं. भत्त्याचं नाव निघालं नाही. नियम पाळण्यात ही माझ्याहून पक्की आहे.

२७ फेब्रुवारी

ही तापाने फणफणलीय. काल कशीबशी ड्युटी संपवून आली आणि कमरेला हात लावून जमिनीवरच बसली. आज दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाईंनी मला बाहेर बसवलं. पंधरा मिनिटांनी आत बोलावलं. लघवीच्या जागेचा संसर्ग आहे, मूत्रपिंडापर्यंत चढायला आला होता, म्हणाल्या. पाच दिवस गोळ्या, भरपूर पाणी प्यायचं, आणि तुंबवून ठेवायचं नाही.

"पाणी पितच नाहीत या," डॉक्टर बाई मला म्हणाल्या. जणू मीच बाटली लपवून ठेवतो.

येताना दोन लिटरची बाटली घेतली. निळी, जाड, धरायला कडी असलेली, दुकानातली सगळ्यात चांगली. हिच्यापुढे ठेवली तर तिच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तापात माणूस हळवं होतं. मलाही बरं वाटलं.

५ मार्च

ही काल परत कामावर रुजू झाली. निळी बाटली नेलीच नाही, जड होते म्हणाली. जुनीच नेली. संध्याकाळी ती उचलून हलवली तर काठोकाठ. आता मात्र माझं डोकं फिरलं.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय? लहान मूल आहेस का तू? पाणी प्यायला काय होतं तुला?"

ही भांडी लावत होती. लावत राहिली.

लेक अभ्यास करत होती. पुस्तकातून मान न काढता म्हणाली, "बाबा, तुम्ही टाकीवर जायचात तेव्हा तुम्हाला लागली तर कुठे जायचात?"

"कुठे म्हणजे? तिथे भिंत—"

हातातली बाटली मी ओट्यावर ठेवली. ही आत निघून गेली.

पुढे काही लिहवत नाही.

६ मार्च

रजा टाकली. दवाखान्याच्या थांब्यावरून तिकीट काढून बारा नंबरमध्ये बसलो. हिची गाडी मुद्दाम टाळली, गिअरभाऊची घेतली. मागच्या सीटवर घड्याळ हातात धरून.

बस आणि मी यांची ओळख जुनी आहे, पण हे चालवणं मला ओळखू येईना. म्हातारं माणूस चढतंय तोवर दार मिटायला लागायचं. दोन सिग्नल पिवळ्यावर काढले. वळणावर एक बाई माझ्या अंगावर आली. टाकीवर पोचलो, एकोणपन्नास मिनिटं. गिअरभाऊ उतरला, भिंतीमागे गेला, दीड मिनिटात आला.

मी एका फुलवालीला विचारलं, बायकांसाठी सोय कुठे आहे? आधी तिने मला नीट न्याहाळलं. मग सांगितलं, लाकडाच्या वखारीच्या मागे. चालत गेलो. माझ्या पावलांनी चार मिनिटं. दाराला कुलूप. किल्ली वखारीच्या रखवालदाराकडे, तो आतून येईपर्यंत एक मिनिट. "ड्रायव्हर बाईंना ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्या लांबूनच हाक मारत पळत यायच्या. हल्ली येत नाहीत. बदली झाली का?"

परतीची चार मिनिटं. आतली दोन धरा. अकरा.

विश्रांती आठ. तीन कमी पडतात. पण पाच मिनिटं आधी पोचलं तर तेरा होतात, आणि तेरात जाऊन येता येतं. दोन मिनिटं उरतातसुद्धा.

टाकीच्या कठड्यावर बसलो आणि ही बेरीज तीन वेळा केली. हिचा हात चांगला होता म्हणून गाडी सत्तेचाळीसमध्ये येत नव्हती. हिला जायचं असायचं म्हणून ही पळवत होती. रोज. प्रत्येक फेरीला. जीव मुठीत धरून मिळवलेली ती पाच मिनिटं मी नोंदीत पाहिली, तिचं कौतुक केलं, आणि काढून घेतली.

आता सत्तेचाळीस ही पळायची वेळ उरली नाही, पोचायची वेळ झाली. याहून जास्त पळता येत नाही. दवाखान्यातली सोय आतल्या इमारतीत, तिथे कायम रांग, आठ मिनिटांत होत नाही. राहिली फक्त जेवणाची सुट्टी, ती दवाखान्यावर. आठ तासांत एकदा. म्हणून पाणी बंद. आणि अगदीच अनावर झालं तेव्हा ही वखारीपर्यंत गेली, तीनदा. त्या तिन्ही वेळांवर माझी सही आहे.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं लहानपणी पाठ केलं होतं. तो बैल कसा दिसतो ते आज कळलं.

६ मार्च, संध्याकाळी

हिला विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"डेपोतलं डेपोत कोण म्हणालं होतं?"

"पण हे—"

"अहो, डेपोत तरी कुणाला सांगू? तक्रारीच्या कागदावर कारण लिहावं लागतं. तो कागद चार टेबलं फिरतो. एकशे सदतीस पुरुष वाचणार. वैयक्तिक नाही तर काय लिहू?"

मग हिचा आवाज बदलला. "तुम्हाला सांगू, सगळ्यात वाईट काय वाटलं? भत्ता गेला त्याचं नाही. गिअरभाऊ मला म्हणाला, वहिनी, तुम्ही पळत होतात म्हणून आता आम्हाला सगळ्यांना पळावं लागतंय. चेष्टेतच म्हणाला. पण खरंच आहे ना ते? परवा एक आजी दारात अडकता अडकता वाचली माझ्या गाडीत. रात्रभर तोच पाय दिसत होता."

मी माफी मागितली. नीट शब्द सापडले नाहीत, पण मागितली. ही म्हणाली, "आधी चार्ट नीट करा."

११ मार्च

साहेबांकडे गेलो. प्रवास पुन्हा बावन्न करा आणि टाकीवर विश्रांती बारा. दवाखान्यावरची चार कमी करून तिथे चार ठेवता येतात, म्हणजे बारा गाड्यांत बसतं. वाचलेली बस परत द्यावी लागेल.

साहेब म्हणाले, "एकही लेखी तक्रार नाही."

"म्हणूनच मी लिहून आणलीय." कागद पुढे केला. 'टाकीवर स्त्री चालकांना लघवीला जाऊन येण्यास अकरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ मिळावा म्हणून गाडी वेगाने चालवली जात होती. त्या वेगाला मी प्रवासाची खरी वेळ समजलो. चूक माझी आहे.'

साहेबांचे कान लाल झाले. "हे मी वर पाठवू? अहो, हे काय शब्द! कारणाच्या रकान्यात 'मार्गावरील वर्दळ' लिहा, उद्या सही करतो. तुमची नोकरीही कायम होईल, कुणाचं नाव खराब व्हायला नको."

सोपं होतं. एक क्षण पेन हातात घेतलंही. फाटकातलं स्टूल आठवलं, डोळ्यात जाणारी धूळ आठवली. मग म्हटलं, "साहेब, वर्दळ लिहिली तर दोन वर्षांनी या खुर्चीत कोणीतरी नवा बसेल. नोंदी काढेल. गाड्या लवकर पोचतात, असं त्याला दिसेल. तोही एक बस वाचवेल, आणि तुम्ही त्याची पाठ थोपटाल."

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. कागद ठेवून जा म्हणाले.

घरी आल्यावर नियम मोडला. सगळं सांगितलं, कागदावरचे शब्दसुद्धा. नाव लिहिलेलं नाही, पण तिघीच आहेत, तुझ्यावर येणारच, म्हटलं. विचारायला हवं होतं, तेही आधी नाही विचारलं.

हिने पदराला हात पुसले. "लघवीच लिहिलंत?"

"हो."

"बरं केलंत," म्हणाली. मग म्हणाली, "पाच नंबरच्या मार्गावर तर दोन्ही टोकांना काही नाही. तिथे आमच्यातली तिसरी चालवते ना, ती बिचारी डब्यातलं जेवणसुद्धा कोरडं आणते." आणि लेकीची पट्टी-पेन्सिल ओढून घेऊन तिने मला पाच नंबर काढून दाखवायला सुरुवात केली.

२४ मार्च

वरून उत्तर आलं. वेळापत्रक सुधारायला मंजुरी. माझ्या फाइलला शेरा, 'निष्काळजीपणा मान्य'. चाचणीचा काळ तीन महिन्यांनी वाढवला. हिचा फेब्रुवारीचा भत्ता परत मिळणार नाही, कारण चालकाने कारण 'वैयक्तिक' लिहिले आहे.

कागद चार टेबलं फिरला तेव्हा हसणारे हसले. मेकॅनिक लोकांच्या खोलीत कोणीतरी मला 'मुतारी मास्तर' नाव ठेवलंय. गिअरभाऊने सांगितलं, आणि वर म्हणाला, "राहू दे. मला तर गिअरवरून नाव आहे." मग खालच्या आवाजात म्हणाला, "माझी साखर वाढलीय. मलाही आताशा भिंत पुरत नाही. पण हे मी कोणत्या रकान्यात लिहिणार होतो?"

१ एप्रिल

नवा चार्ट लागला. बारा गाड्या. प्रवास बावन्न, टाकीवर विश्रांती बारा मिनिटं. कारणाचा रकाना साहेबांनी जसाच्या तसा ठेवलाय, फक्त 'लघवी' खोडून 'नैसर्गिक विधी' केलंय. कळतंय ना, पुरे.

ही पावणेतीनला आली. आधी चहा मागितला. मी बाटली उचलून हलवली. आवाज नाही.

"उद्यापासून ती निळी भरा," ही म्हणाली. "ही पुरत नाही."

कुंडीतली माती कोरडी पडली होती. तिला नळाचं पाणी घातलं.